आबांनी दूध नासवलं

गाठ

चुलत दिराच्या लग्नाला निघायची गडबड चालली होती. मी आरशासमोर बसले होते आणि माझी मुलगी साक्षी मागून माझी ठुशी बांधत होती. दोरा ओढता ओढता तिचं बोट मानेवर थांबलं.

"आई, इथं काय झालंय गं?"

हात लावून बघितलं. कानाच्या खाली, मानेच्या कडेला बोराएवढी गाठ. दुखत नव्हती. मी म्हटलं, दाढ किडलीय ना, तिचीच सूज असणार. दाढ खरंच किडलेली होती, त्यामुळं मला माझं निदान लई आवडलं. लग्नात बुंदी खाल्ली, वरातीत नाचलेसुद्धा. मी आमच्या ईट गावात ब्लाऊज शिवते. लग्नसराईत मशीनवरून उठायला फुरसत नसते. दाढ काढून आले, पण गाठ काही गेली नाही. उलट तिच्या शेजारी दुसरी आली, आणि संध्याकाळी अंगात कसकस यायला लागली.

ईटच्या डॉक्टरांनी भूमला पाठवलं, भूमच्या डॉक्टरांनी बार्शीला.

ही सगळी हकीकत लिहायला बसले ती एका कारणानं. आत्ता या घडीला कुठल्यातरी घरात कुणीतरी ताट समोर घेऊन बसलं असेल आणि घास काही उतरत नसेल. घरातली माणसं भोवती उभी असतील, विनवत असतील, चिडत असतील. त्यांच्यासाठी लिहितेय. औषधाचं तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी तोंड घालणार नाही. मी सांगणार ते खाण्याचं. आणि माझ्या सासऱ्यांचं.

रिपोर्ट

बार्शीच्या डॉक्टर मॅडमनी मला आणि माझ्या मिस्टरांना खुर्चीवर बसवलं आणि सरळच सांगितलं. लिम्फोमा. म्हणजे कॅन्सरच, पण औषधाचं ऐकणाऱ्यातला. काही महिने डोस घ्यावे लागतील, त्रास होईल, पण बरं होण्याची आशा चांगली आहे.

मिस्टर टेबलाकडं बघतच म्हणाले, "म्हणजे दाढेचं नाही?"

मॅडमना हसू आवरेना. मलाही. कॅन्सर झाल्याचं ऐकल्यावर मी सगळ्यात आधी हसले, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. रडू नंतर आलं, बाहेर चहाच्या टपरीवर. मिस्टरांनी दोन चहा सांगितले, आपला प्याले, मग माझाही पिऊन टाकला, आणि रिकामा कप माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे, गरम आहे तोवर." तो कप हातात धरून मी रडत बसले. गाडीची किल्ली ते टपरीवरच विसरले. टपरीवाला मागं पळत आला.

घरी पोचलो तेव्हा आबा भट्टीवर होते.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं घर खव्याचं. आमच्या बाजूला खव्याच्या भट्ट्या पुष्कळ, पण आबांचा खवा हातात घेतला की कळतो, असं लोक म्हणतात. उभा जन्म त्यांनी कढईसमोर काढला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आबा माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत, पण थेट बोलायचेही नाहीत. सुनेशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. काही सांगायचं असलं की साक्षीला मध्ये घालायचे. साक्षी शाळेत असली तर म्हशीला सांगायचे, जरा मोठ्यानं. "चंद्रे, आज च्या कवा व्हायचा म्हनं?" मग मी आतून चहा घेऊन यायची.

मिस्टरांनी कढईपाशी जाऊन हळू आवाजात सांगितलं. आबांचा उलथणं फिरवणारा हात थांबला नाही. कढईत खवा आळत आला होता आणि त्या वेळी हात थांबला तर सगळं बुडाला लागतं.

"ह्यो उतरू दे," एवढंच म्हणाले.

खवा उतरला. त्यांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि दारात बसलेल्या साक्षीला म्हणाले, "तुझ्या आईला इचार, सकाळधरनं काई खाल्लंय का."

शमीमआपा

डोसच्या वॉर्डात आरामखुर्च्या ओळीनं लावलेल्या. हाताला सुई, वर बाटली, आणि थेंब पडत राहतात. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून बसले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"अगं, रडून केस परत येते का? येत असते ना, तर मी टँकरच मागवला असता."

डोळे उघडले. शेजारच्या खुर्चीत एक गोरीपान बाई, डोक्याला हिरवा स्कार्फ, हातात जपमाळ. ढोकी गावच्या शमीमआपा. त्यांचे मिस्टर, रशीदभाई, साखर कारखान्यात फिटर. तेही तिथंच एका स्टुलावर पिशवी सांभाळत बसले होते.

"घाबरू नको," आपा म्हणाल्या. "वर अल्ला बघतोय, इथं सिस्टर बघतेय. दोघांची नजर चुकवून काय व्हायचं न्हाय."

त्यानंतर आमचे डोस एकाच दिवशी यायला लागले. आपांनीच मला सगळं शिकवलं. कुठल्या सिस्टरला शीर पटकन सापडते. खिडकीकडची खुर्ची मिळवायला कधी यायचं. बर्फाचा खडा तोंडात ठेवला की कसं बरं वाटतं. केस गळायला लागल्यावर वाट बघत बसायचं नाही, आपणच कापून टाकायचे. माझे केस साक्षीनं माझ्याच शिवणाच्या कात्रीनं कापले. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. आरशात बघून दोघीही हसत सुटलो. मग ती न्हाणीत जाऊन रडली, आणि मी बाहेर उभी राहून तिचं रडणं ऐकत राहिले.

वास

मी सासरी आले तेव्हापासून माझ्या अंगाला खव्याचा वास. केसांना, उशीला, शिवलेल्या ब्लाऊजांनासुद्धा. गिऱ्हाईक बायका चेष्टा करायच्या, "मंगलकडचा ब्लाऊज घालावा का खावा, कळत न्हाय."

दुसऱ्या डोसनंतर तोच वास माझ्यावर उलटला.

भट्टी घराच्या मागच्या अंगाला. पहाटे दूध तापायला लागलं की वास भिंतीतून आत यायचा, आणि मी न्हाणीकडं पळायची. रिकाम्या पोटीच ओकारी. तोंडाला सतत एक लोखंडी चव, जसं काही चमचा तोंडात ठेवून झोपलेय. जिभेला फोड. वरण घेतलं तर नको, अंड्याचा वास नको, सोयाबीनचं तर नावही नको. आबांना कळू नये म्हणून मी नळ सोडून ओकायची. भट्टीच्या वासानं सुनेला ओकारी येते, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या डोसला गेले तेव्हा मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, माझं वजन बघितलं आणि मान हलवली. "आज नाही देता येणार. पेशी फार खाली आल्यात. अंगात ताकद नाही, अशात डोस दिला तर झेपणार नाही. आधी खायला लागा."

डोस मिळाला नाही म्हणून कुणी रडेल, असं मला वाटलं नव्हतं. मी रडले. डोस चुकला म्हणजे त्या गाठींना सुट्टी मिळाली, असंच मला वाटत होतं.

दवाखान्यातल्या आहाराच्या ताईंनी समजावून सांगितलं. प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे. पेशी वर येईपर्यंत बाहेरचं काही नको, कच्चं काही नको, फळसुद्धा शिजवून किंवा गरम करून. नंबर दिला, म्हणाल्या, अडलं की फोन करा.

त्या संध्याकाळी मिस्टर माझ्यासमोर वरणभाताचं ताट घेऊन बसले. एक घास. दुसरा घास. तिसऱ्याला मी मान फिरवली.

"खा की गं!" ते एकदम ओरडले. "सगळं घर तुझ्यासाठी पळतंय आणि तुला चार घास खाता येईनात?"

मी ताट ढकललं. वरण चादरीवर सांडलं. साक्षी अभ्यास सोडून दारात येऊन उभी राहिली. मिस्टरांनी चादर गोळा केली, बाहेर नेली, आणि अंधारात हौदावर ती धूत बसले. इतकी वर्षं झाली लग्नाला, त्यांना मी चादर धुताना पहिल्यांदाच बघितलं. ते चिडले होते ते माझ्यावर नव्हतंच. पण त्या वेळी मला तसं कुठं वाटलं? मला वाटलं, आता मी सगळ्यांना नकोशी झाले.

ओसरीवर आबा बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नळाचं पाणी का वाहतं, तेही त्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे मला नंतर साक्षीकडून कळलं.

थंड भट्टी

दुसऱ्या दिवशी पहाटे वास आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

आबांनी भट्टी बंद ठेवली होती. सणवार असो, पाऊस असो, आमची भट्टी पेटायचीच. सासूबाई गेल्या तेव्हाच काय ती थंड राहिली होती. गावातून येणारं दूध त्यांनी दुसऱ्या भट्टीवाल्याकडं वळवलं. घरच्या म्हशीचं तेवढं घरात राहायला लागलं.

वैशाखाचं ऊन. रात्रीचं दूध पातेल्यात तसंच राहिलं. मिस्टर औषधं आणायला बार्शीला गेले होते. सकाळी आबा स्वतः चहापाण्याचं बघायला स्वयंपाकघरात आले, त्यांनी ते पातेलं गॅसवर ठेवलं, आणि दूध नासलं.

खव्याच्या घरात दूध नासणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडं 'नासलं' हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. फार तर 'बिघडलं' म्हणायचं, तेही हळू. मी पाणी प्यायला म्हणून उठले तर आबा पातेलं दोन्ही हातांत धरून उभे, चोरी सापडल्यासारखे.

आणि मला तो वास आला. आंबूस, हलका, ताकासारखा. उकळत्या दुधाचा तो जड, गोड वास त्यात नव्हता. माझ्या पोटात काहीतरी हललं. मला वाटलं, पुन्हा ओकारी. पण ती ओकारी नव्हती. भूक होती. मी ओळखायलाच विसरले होते.

"आबा, टाकू नका," मी म्हणाले. "मला द्या त्यातलं."

आबांनी इकडंतिकडं बघितलं. साक्षी परसात होती. म्हैस लांब होती. मध्ये घालायला कुणीच नव्हतं.

"नासलंय, सूनबाई," ते म्हणाले. लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच, थेट मला.

"असू दे. मला खावंसं वाटतंय."

"येड लागलं का? आजारी मानसाला नासकं देऊ म्या? जग काय म्हनंल?"

आवाज ऐकून साक्षी आत आली. तिनं आहाराच्या ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ते बिलकूल देऊ नका," ताई म्हणाल्या, "आपोआप नासलेलं बाधेल." आबांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. पण ताई पुढं बोलतच होत्या. "ताजं दूध घ्या, चांगलं उकळा आणि लिंबू पिळून तुम्हीच फोडा. पाणी गाळून लगेच खायला द्या. पनीरच ते. यांना तर फारच चांगलं."

"म्हंजी, सोता नासवायचं?" आबा फोनवर वाकले.

"हो, आजोबा."

"चांगलं दूध?"

"चांगलंच पाहिजे."

आबा तडक बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळानं सकाळच्या धारेची चरवी घेऊन परत आले. दूध गॅसवर ठेवलं, उकळी येऊ दिली, गॅस बंद केला. साक्षीनं लिंबू चिरून हातात दिलं. ते लिंबू धरून आबा नुसतेच उभे. हात कापत होता. भट्टीच्या धगीत आयुष्यभर न कापलेला तो हात.

"साक्षे, तू पीळ."

"माझ्या बोटाला कापलंय, आबा. झोंबंल." तिच्या बोटाला काहीही झालेलं नव्हतं.

आबांनी खिडकीतून गोठ्याकडं बघितलं. "चंद्रे, माफ कर, माय. सूनबाईसाठी हाय." डोळे मिटले आणि पिळलं.

दूध फाटलं. पांढऱ्या गुठळ्या वर आल्या, खाली हिरवट पाणी सुटलं. आबांनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला.

साक्षीनं ते स्वच्छ फडक्यात गाळलं, आंबटपणा जावा म्हणून वरून उकळून निवलेलं पाणी ओतलं, पिळून एका वाटीत घातलं. चिमूटभर मीठ, जराशी साखर. कोमट, मऊ. जिभेच्या फोडांना लागलंसुद्धा नाही. मी वाटी संपवली. आबा माझ्याकडं पाठ करून बसले होते, कान मात्र न्हाणीच्या नळाकडं. बराच वेळ नळ सुटला नाही.

"ऱ्हायलं पोटात?" त्यांनी विचारलं.

"राहिलं," मी म्हणाले.

फळांचे प्रयोग

आता आबांना चेव चढला. रोज धार काढून झाली की पहिलं काम नाश्ता. भट्टीचा माणूस, त्याला विस्तवाचं कळतं. दूध किती तापू द्यायचं, लिंबू कुठल्या क्षणी पिळायचं, हे त्यांनी दोनतीन दिवसांत असं बसवलं की गुठळी लोण्यासारखी मऊ व्हायला लागली. पण नुसतं पनीर खाऊन मी कंटाळले. परसातल्या पपईला पिकलेली फळं लागली होती. मला पपई खावीशी वाटत होती.

कच्चं फळ ताईंनी मना केलेलं. आणि आबांचं म्हणणं, फळ थंड, खोकला होईल. तेव्हा दोन्ही बाजूंनी उत्तर एकच निघालं. तवा.

थेंबभर तूप, त्यावर पपईच्या फोडी, वरून सुंठीची चिमूट. फोडी कडेला जरा तांबूस झाल्या, घरभर गोड वास सुटला, आणि तो मला चालला. पनीरवर त्या गरम फोडी टाकल्या, त्यांचा रस खाली उतरला. काय सांगू! कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडात लोखंडाशिवाय दुसरी चव आली.

मग आबा थांबेनात. केळ्याच्या चकत्या तुपावर छान झाल्या. सफरचंद जरा वेळ झाकून ठेवावं लागतं, पण मऊ होतं. आंबा तव्याला चिकटला, आबांनी तो खरवडून खरवडून काढला आणि म्हणाले, "ह्याचा खवाच झाला." पावसाळ्यात पेरू आले, त्यांच्या बिया आबा चाकूच्या टोकानं काढत बसायचे, जिभेला टोचू नयेत म्हणून. भादव्यात सीताफळं आली. ईटच्या माळावरची सीताफळं साखरेसारखी गोड, म्हणून मोठ्या हौसेनं गर काढून तव्यावर टाकला. गरम झाला आणि कडू जहर! मी घास तोंडात धरून बसले, गिळवेना आणि थुंकवेना. आबांनी माझं तोंड बघितलं, स्वतः एक चमचा खाल्ला आणि थेट दारात जाऊन थुंकले. "सीताफळाला चुलीवर ठिवायचं न्हाय," हे त्यांनी त्या दिवशी शोधून काढलं. तुम्हीही ठेवू नका.

कुणाला करायचं असेल तर सोपं आहे. पेलाभर ताजं दूध, अर्धं लिंबू. दूध उकळलं की गॅस बंद करायचा आणि रस थोडा थोडा घालत हलवायचं, एकदम नाही. फुटलं की लगेच गाळायचं, वरून उकळून निवलेलं पाणी घालायचं, पण फार घट्ट पिळायचं नाही. पाणी निथळेपर्यंत शेजारी तव्यावर फळ. वरून शेंगदाण्याचं बारीक कूट घातलं की आणखी ताकद. चहा करायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडाच जास्त. सकाळी अंगात जीव नसतो, तेव्हा तासभर चालणारा स्वयंपाक काय कामाचा? आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, हे मात्र विसरू नका.

एके दिवशी आबा तव्याशी उभे होते आणि मी ओट्याशी बसून केळं सोलत होते. उकाडा होता. माझा स्कार्फ सटकून खाली पडला. सासऱ्यांसमोर कधी पदर ढळू दिला नव्हता, आणि इथं डोक्यावर एक केस नाही. मी घाबरून पदर शोधायला लागले. हातात केळं, पदर सापडेना.

"ऱ्हाऊ दे की," आबा म्हणाले. "लई उकडतंय." मग त्यांनी स्वतःची टोपी काढून फळीवर ठेवली आणि तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "हे बघ. तुझं परत यील. माझं तर गेलं ते गेलंच."

मी इतकी हसले की केळं हातातून पडलं. आबांनी ते उचललं, धुतलं, आणि चकत्या केल्या. त्या दिवसापासून स्वयंपाकघरात मी स्कार्फ बांधला नाही.

पुढचे डोस

पुढच्या तपासणीत पेशी वर आल्या होत्या. वजन वाढलं नव्हतं, पण घसरायचं थांबलं होतं. मॅडम म्हणाल्या, "चला, देऊया." मी सुईसाठी हात असा पुढं केला, जसा काही बांगड्या भरायला बसलेय.

सगळे दिवस गोड गेले असं नाही. डोसनंतरचे दोनतीन दिवस पनीरही जायचं नाही, नुसतं पडून राहायची, कुणी बोललेलं नको वाटायचं. एकदा ताप चढून दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा मिस्टर माझा हात धरून बसले होते आणि मी मनातल्या मनात साक्षीच्या लग्नातल्या ब्लाऊजचं माप घेत होते, आपण नसलो तर शिवणार कोण म्हणून. पण ताप उतरला. घरी आले तर आबा दारातच उभे. "दूध तापवू का?"

भट्टी त्यांनी मळ्यात हलवली, वर पत्रे टाकले. सकाळचं पनीर आबा स्वतः बरेच दिवस चाखत नव्हते. एकदा माझ्या वाटीत थोडं उरलं, ते चमच्यानं खाऊन बघितलं. "खव्याची सर न्हाय," म्हणाले. "पन वंगाळ न्हाय."

दसरा झाल्यावर शेवटचं स्कॅन झालं. मॅडमनी पडद्यावर दाखवलं, जिथं डाग होते तिथं आता काही नव्हतं. "आता फक्त तपासणीला यायचं." मिस्टर बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठेचनात. मी दहा वेळा म्हटलं, चला. "थांब जरा," म्हणाले. मग मीही शेजारी बसले. येणारी-जाणारी माणसं आमच्याकडं बघून वाईट वाटून घेत होती. आम्ही दोघं मात्र खुशीत होतो.

ढोकी

शमीमआपांचे डोस अजून चालू होते. त्यांचं औषध वेगळं, मुदत जास्त. दिवाळीनंतर मी फोन केला तर फोन रशीदभाईंनी उचलला.

"खातच न्हाय, ताई," ते म्हणाले. "डोस पुढं ढकललाय. काय बनवलं तरी नको म्हणती. मी तर खिमा केला, खिचडी केली, सेवया केल्या. आता हॉटेलवाल्यालाच विचारणार होतो."

मी आबांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढली, दूध उकळलं, कॅनमध्ये भरलं, कॅनला ओलं फडकं गुंडाळलं आणि मिस्टरांच्या पिकअपमध्ये जाऊन बसले. मी म्हटलं, "आबा, ढोकीत दूध मिळतं की."

"कुनाचं, कसलं, काय म्हाईत," आबा म्हणाले. वाटभर दर थोड्या वेळानं झाकण काढून ते वास घेत होते. चांगलं दूध तिथं जाऊन नासवायचं होतं, पण वाटेत ते आपलं आपण नासू नये म्हणून त्यांचा जीव वरखाली होत होता.

शमीमआपा बाहेरच्या खोलीत पलंगावर होत्या. निम्म्या झालेल्या. मला बघून हसल्या, पण जीभ चालेना. केवढं बोलणारी बाई! माझ्या डोक्यावर तेव्हा नुकते केस फुटले होते. त्यांनी हात वर करून त्यावरून फिरवला. "मखमल," म्हणाल्या. "टँकर न मागवताच आली."

"तुमचीही येईल. आधी थोडं खा."

"नको गं. मन होत न्हाय."

आतून आबांचा आवाज येत होता. पडदा अर्धा उघडा होता, दिसतही होतं. रशीदभाई हे एवढे धिप्पाड, हातात लिंबाची फोड, आणि आबा त्यांच्या कोपराएवढे, शेजारी उभे.

"पिळा आता."

"चाचा, दूध तर चांगलं हाय. उगं खराब..."

"पिळा, पिळा. पयल्यांदा हात कापतोच. माझा बी कापला हुता."

तवा चुर्र वाजला. केळं होतं, तूप होतं, सुंठ होती. आपांनी नाक वर करून वास घेतला. मला ती हालचाल ओळखू आली, भुकेची होती ती. रशीदभाईंनी वाटी आणली आणि पलंगापाशी गुडघ्यावर बसले. आबा दारातच थांबले, टोपी हातात घेऊन.

आपांनी एक चमचा घेतला. बराच वेळ तोंडात धरला. दुसरा घेतला. तिसरा. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, खिडकी थरथरली, आपा खात होत्या. चमचा वाटीच्या बुडाला लागून वाजायला लागला.

मग त्यांनी वाटी पुढं केली.

"आणखी आहे का?"

रशीदभाई तोंड फिरवून भिंतीकडं बघायला लागले. आबांनी टोपी डोक्यावर घातली, पिशवीतून दुसरं लिंबू काढलं आणि पुन्हा आत गेले.